विहिरीतला पाव आणि गुरुवारचं जेवण

(नगरमधल्या एका चर्चच्या तरुण संघापुढे नाताळाच्या सुट्टीत दिलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि मागच्या बाकांवर जाऊन बसलेला तरुण संघ, सगळ्यांना जय ख्रिस्त.

निमंत्रणात माझ्या नावापुढे ‘परदेशात सेवाकार्य करणाऱ्या भगिनी’ असं छापलंय. ते वाचून माझा भाऊ सकाळपासून हसतोय. मी मिशनरी नाही. अमेरिकेत मेरिलँड राज्यात सॉल्सबरी नावाचं गाव आहे, तिथल्या एका लॅबमध्ये नोकरी करते. उन्हाळ्यात दर गुरुवारी सुटले की तीस मैल गाडी हाणत समुद्राकाठच्या ओशन सिटीला जाते आणि एका चर्चच्या हॉलमध्ये वाढायला उभी राहते. माझं सेवाकार्य म्हणजे डाव आणि पातेलं.

ओशन सिटी ही एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला खाडी, अशी मधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. बारमाही वस्ती सात हजारांच्या आसपास. जुलैमधल्या शनिवार-रविवारी मात्र तिथे तीन लाखांच्या घरात माणसं असतात. आता एवढ्या माणसांच्या गाद्यांवर चादरी कोण घालणार, बशा कोण धुणार, बटाटे कोण तळणार? (तिथे तळलेल्या बटाट्यांवर व्हिनेगर शिंपडून खातात. मला अजून जमलेलं नाही.) हे सगळं करायला वीस-एकवीस वर्षांची कॉलेजातली पोरं येतात. बल्गेरिया, रुमानिया, तुर्कस्तान, कझाकस्तान, जमैका, कुठून कुठून.

व्हिसाचं नाव जे-वन, योजनेचं नाव ‘समर वर्क ट्रॅव्हल’. मूळ कायदा १९६१ चा, आणि कागदोपत्री हेतू सांस्कृतिक देवाणघेवाण. आपल्या देशात पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं मोठ्या सुट्टीत यायचं, जास्तीत जास्त चार महिने काम करायचं, थोडं फिरायचं आणि परत जायचं. वर्षाला किती जणांना घ्यायचं याची मर्यादा आहे, १ लाख ९ हजार. देवाणघेवाण होत नाही असं मी म्हणणार नाही, पण बरीचशी भांडी घासायच्या मशिनपाशी होते.

तुम्हाला समजायला सोपं जावं म्हणून सांगते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात ना? ही पोरं शिकलेली, पासपोर्टवाली, पण उचल त्यांच्याही डोक्यावर असते. एजंटची फी, विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. पहिला महिना-दीड महिना ते फेडण्यासाठीच राबायचं, बहुतेक जण दोन-दोन नोकऱ्या करून.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हॉलमधली पद्धत अशी होती. सहाला दार उघडायचं, दोन गाणी, एकाची साक्ष (म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं), मग पाळकांचा वीस मिनिटांचा संदेश, मग जेवण. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडच्या प्रीतिभोजनाला नाही का आपण आधी उपासना करत?

त्या उन्हाळ्यात एक बल्गेरियन मुलगी माझ्याजवळ आली. हॉटेलच्या गणवेशाचा टॉप अंगात, हाताला ब्लीचचा वास. हळूच म्हणाली, जेवण आधी मिळेल का, मला साडेसहाला दुसऱ्या कामावर निघायचंय. मी घड्याळ पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं, आणि तिला म्हणाले, थोडं थांब, होईलच. ती थांबली. मागच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसली, आणि साडेसहाला उठून उपाशी गेली. त्या दिवशी संदेश कशावर होता ते मला आठवत नाही. पातेल्यात काय होतं ते आठवतं. चिकन आणि मी केलेला मसालेभात.

त्या रात्री सॉल्सबरीला परत येताना मला माझी आजी आठवली.

तुमच्यापैकी वसईकडचे कोणी असतील तर त्यांना ती गोष्ट ठाऊक असेल. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकला, त्या विहिरीचं पाणी गाव प्यायलं आणि गाव बाटलं. आपल्या नगरकडे पावाच्या जागी दुष्काळ आहे. १८७६ ते ७८ चा, मग १८९९-१९०० चा. मिशनऱ्यांनी उपाशी माणसांना अन्न दिलं, कामं काढली, अनाथ पोरं सांभाळली. नंतर बाप्तिस्मे वाढले, आणि त्याबरोबर आपल्या कपाळी शिक्का बसला, हे पोटासाठी झालेले ख्रिस्ती. आजी शाळेत होती तेव्हा तिच्या डब्याकडे बघून पोरी विचारायच्या, काय गं, किती भाकरींना बाटलात? तिच्या आजोबांचा विश्वास खरा होता की नव्हता हे विचारायचा अधिकार त्या पोरींना कोणी दिला? पण विचारलं गेलं. पिढ्यान् पिढ्या विचारलं गेलं.

भुकेल्याला खायला घातलं यात मिशनऱ्यांची काहीच चूक नव्हती. न घालणं हे पाप झालं असतं. पण भाकरी आणि संदेश एका दोरीत बांधले की दोन्हींवर संशय येतो, भाकरी देणाऱ्यावर आणि विश्वास ठेवणाऱ्यावरही. हे अमेरिकन माणसाला पुस्तकातून समजतं. आपण ते ऐकत वाढलोय.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं माझ्या नगरी इंग्रजीत सांगितलं. वाद झाला. चर्चच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, मग आपण काय खानावळ चालवायची? प्रश्न खोटा नव्हता. सुवार्तेची, म्हणजे येशूचा संदेश सांगायची, लाज वाटते म्हणून गप्प बसणारेही मी पाहिलेत. शेवटी ठरलं ते असं. दारात येईल त्याला लगेच ताट, घाईत असेल त्याला डबा. जेवणाआधी उभ्या-उभ्या छोटी प्रार्थना. बायबलचा अभ्यास मंगळवारी, वेगळा, ज्याला हवं त्यानं यावं. पण हॉल चर्चचा आहे हे लपवायचं नाही. दाराशी टेबलावर बल्गेरियन, रशियन, तुर्की भाषेतली शुभवर्तमानं उघडी ठेवायची. लपवून ठेवलं तर तीही फसवणूकच. गुरुवारी ऐंशी पोरं असतील तर मंगळवारी चार-पाच येतात. ती चार-पाच येतात तेव्हा प्रश्न घेऊन येतात.

२०१६ साली रमजान जूनमध्ये आला. तिथे त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या जरा आधी मावळतो आणि आमचं जेवण सहाला. एक तुर्की मुलगा मित्रांबरोबर आला, रिकामी बशी पुढे घेऊन बसला. आमच्या एक आजीबाई तीनदा त्याच्याकडे आल्या, खा रे बाळा, लाजतोस काय? तो तीनदा हसून नको म्हणाला. त्यात त्या दिवशी बीन्समध्ये हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे होते, ते वेगळंच. पुढच्या गुरुवारपासून मांस कशाचं आहे याची चिठ्ठी प्रत्येक भांड्यावर लागली, आणि रोजे करणाऱ्यांसाठी झाकण लावलेले डबे, वर खजूर. त्याच सुमारास समितीत चर्चा सुरू झाली की या पोरांनी नमाजासाठी खोली मागितली तर द्यायची का. महिनाभर भांडलो. पोरांनी खोली मागितलीच नाही.

आता प्रार्थनेबद्दल. कारण तुमच्या पत्रात ‘या विद्यार्थ्यांसाठी कशी प्रार्थना करावी’ असं लिहिलंय.

आधी आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही म्हणायचो, हे प्रभू, दूरदेशाहून आलेल्या या लेकरांना आशीर्वाद दे. आमेन. मग दाराशी एक खोका ठेवला. वर लिहिलं, तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू? मला वाटलं होतं कोणी काही टाकणार नाही. चिठ्ठ्या आल्या. बल्गेरियात, वार्ना शहरात आजीचं ऑपरेशन आहे. सप्टेंबरमध्ये राहिलेला पेपर द्यायचाय. सायकल चोरीला गेली. आणि सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द, तास. म्हणजे कामाचे तास. आठवड्याला पस्तीस सांगितले आणि अठरा मिळाले, तर भाडं भरून हातात काही उरत नाही.

तासांसाठी प्रार्थना कशी करायची हे कोणत्या शास्त्रपाठात शिकवतात? आम्हाला बायबलमधलं याकोबाचं पत्र सापडलं, पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची मजुरी मालकानं अडकवून ठेवलीय आणि ती मजुरीच ओरडतेय, असं तो म्हणतो. पण आमच्या चर्चमध्ये मजूर गुरुवारी येतात आणि मालक रविवारी. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका गृहस्थांचं मोटेल आहे. एका बुधवारी आम्ही एक चिठ्ठी जशीच्या तशी मोठ्यानं वाचली, मोटेलच्या नावासकट. ते तिथेच बसले होते. आमची ती घोडचूक. त्या मुलीचं काम जाऊ शकलं असतं. तेव्हापासून चिठ्ठी फक्त दोघी वाचतात, आणि सभेत नुसती गरज सांगतात. त्या मुलीला पुढच्या आठवड्यात तास वाढवून मिळाले. ते गृहस्थ बुधवारी यायचे बंद झाले, आणि सप्टेंबरात त्यांनी चर्चला सहा सायकली पाठवल्या. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

प्रार्थना केली की फोनही करावा लागतो, हे आम्ही असं शिकलो. प्रत्येक विद्यार्थ्याचा एक प्रायोजक असतो, म्हणजे त्याला या योजनेत आणणारी संस्था, त्याला कळवता येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मदतवाहिनीही आहे. व्हिसा देताना या पोरांना हक्कांची एक पुस्तिका मिळते. ती ज्या २००८ च्या कायद्यानं आली त्याला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सचं नाव दिलंय. बहुतेकांनी ती बॅगेच्या तळाशी टाकलेली असते. आम्ही ती काढायला लावतो. २०११ मध्ये पेन्सिल्व्हेनियात चॉकलेटच्या एका गोदामातून शेकडो विद्यार्थी काम सोडून बाहेर आले, त्यानंतर २०१२ मध्ये नियम कडक झाले. गोदामातली कामं, मुख्यतः रात्रपाळीची कामं यांना मनाई झाली. ती पोरं बाहेर पडली नसती तर झाली असती का, मला शंका आहे.

आणि सायकली. गावाच्या मधून जाणारा कोस्टल हायवे आठ पदरी आहे. हॉटेलं बंद झाली की रात्री बारा-एकला ही पोरं काळे कपडे घालून, दिव्याशिवाय त्यावरून घरी जातात. समोरून येणारा सुट्टीवरचा माणूस बऱ्याचदा प्यायलेला. आमचे एक निवृत्त प्लंबर आहेत, त्यांना लोकांसमोर प्रार्थना करायला लाज वाटते. ते गुरुवारी हॉलच्या बाहेर खुर्ची टाकून बसतात, हातात स्क्रू-ड्रायव्हर. पोरं आत जेवतात तेवढ्यात हे प्रत्येक सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावतात, ब्रेक ओढून बघतात. चाक फिरवताना ओठ हलत असतात. मी एकदा विचारलं, काय म्हणता? म्हणाले, हिचा मालक कोण ते माहीत नाही, म्हणून चाकाचंच नाव घेतो.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, इतक्या वर्षांत बाप्तिस्मे किती झाले? त्यांना म्हटलं, भाषणात सांगते. माझ्या माहितीत एक. ती मुलगी दोन उन्हाळे मंगळवारी यायची, खूप भांडायची. गावी परतल्यावर तिनं आजीच्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आम्हाला फोटो पाठवला. तो आमच्या चर्चच्या वार्षिक अहवालात मोजायचा की नाही, यावर समितीची बैठक अजून चालू आहे.