भिंतीवरचा उजेड

[दृश्य: रिकामी खोली, पश्चिमेला खिडकी. भिंतीला टेकवलेले तीन मोठे पुठ्ठे, तिन्हींवर राखाडी रंग.]

सकाळचे सात वाजलेत. या खोलीत अजून सामान आलेलं नाही. पुट्टी भरून झाली, घासकागद फिरवून झाला, प्रायमरचा हातही बसला. आता फक्त रंग ठरायचाय, आणि नेमका तोच ठरत नाहीये.

पुठ्ठे तीन आहेत. शेड कार्डावर तिघांची नावं वेगळी, नंबर वेगळे. प्रत्येकावर दोन-दोन हात मारलेत, तरी या घडीला तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. आज दिवसभर आपण यांच्यासोबत थांबणार आहोत.

[दृश्य: मोबाइलवर सरकणारे दिवाणखान्यांचे फोटो.]

रंगाचा शोध हल्ली इथून सुरू होतो. कुणाच्या तरी घराचा फोटो आवडतो. "अगदी हाच हवा" म्हणून तो रंगाऱ्याला दाखवला जातो. काम संपतं, आणि मग वाटतं, हा तो रंगच नव्हे. यात रंगाऱ्याचा दोष नसतो. फोटोतली खोली तिच्या सगळ्यात चांगल्या वेळी टिपलेली असते. पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्यानं आपल्या हिशेबानं ठरवलेलं असतं, आणि वर कुणीतरी फिल्टर चढवलेला असतो. शिवाय मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. भिंतीला ते जमत नाही. खोलीत येईल त्या उजेडातला काही भाग शोषायचा आणि उरलेला परत पाठवायचा, एवढंच तिच्या हाती. फोटोत आपल्याला भुलवतो तो बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या घरातला उजेड असतो.

[दृश्य: जुन्या शेड कार्डांचा ढीग.]

आणि फॅशन तर दर काही वर्षांनी कूस बदलते. पाश्चात्त्य घरांत १९७०च्या दशकात शेवाळी हिरवा आणि गडद सोनेरी पिवळा थेट फ्रिजच्या दारापर्यंत पोचले होते. पुढे फिकट गुलाबी-जांभळ्या छटा आल्या, मग बेज आला, आणि २०१०च्या दशकात सगळीकडे राखाडी. भिंत राखाडी, सोफा राखाडी, फरशीसुद्धा राखाडी. आता पुन्हा मातकट, तपकिरी, उबदार रंगांचे दिवस आहेत. पँटोन ही रंगांचे प्रमाण नमुने ठरवणारी कंपनी २००० सालापासून 'वर्षाचा रंग' जाहीर करते. पहिला मान आभाळी निळ्याचा होता. २०२१ साली राखाडी आणि पिवळा जोडीनं आले, २०२५ साली मऊ तपकिरी.

पुढच्या रंगांचे असे अंदाज निरर्थक नाहीत. पडद्याचं कापड, टाइल, लॅमिनेट, सोफा या वस्तू वेगवेगळ्या कारखान्यांत बनतात, पण एकाच घरात शेजारी शेजारी शोभाव्या लागतात. त्यामुळे पुढं काय चालेल याचा विचार उद्योगाला आधीच करावा लागतो. माझं म्हणणं एवढंच, की अशा रंगाला घरात जागा द्यायचीच असेल तर ती उशीच्या अभ्र्यावर द्यावी. अभ्रा पाच मिनिटांत बदलतो. भिंत बदलायची म्हणजे कपाटं ओढायची, पुस्तकं बांधायची आणि आठवडाभर धुळीत राहायचं.

[दृश्य: दुपारचे बारा. पुठ्ठ्यांशेजारी पांढरा कोरा कागद धरला जातो.]

आता जवळून बघा. कोरा पांढरा कागद शेजारी धरला आणि तीन राखाडी रंग एकदम तीन वाटांना गेले. पहिल्यात निळसर झाक आहे. दुसरा हिरवट. तिसऱ्यात तांबूस माती मिसळल्यासारखी वाटते. ही झाक छोट्या कार्डावर लपून राहते, आणि चारही भिंती रंगल्या की उसळून वर येते. कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा उजेड एकमेकींवर टाकतात. हिरवट भिंतीवरून आलेला उजेड पुन्हा हिरवट भिंतीवरच पडतो. त्यामुळे कार्डावर सौम्य वाटलेला रंग खोलीत बरेचदा एक-दोन छटा भडक भासतो. फरशीचा रंग आणि खिडकीबाहेरचं झाडही यात भर घालतात.

रंग एकटा कधीच दिसत नाही, हे पॅरिसच्या गोब्लँ या कापडचित्रांच्या कारखान्यात फार पूर्वी लक्षात आलं होतं. तिथं रंगाईच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या मिशेल युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी धागा तपासला. रंगात खोट नव्हती. काळ्याला फिका पाडत होते ते त्याच्या शेजारी विणलेले रंग. हा अभ्यास त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केला. जुन्या पिवळ्या भिंतीवर मधोमध नव्या रंगाचा चौकोन मारून निर्णय घेऊ नये, तो याच कारणानं. भोवतीचा पिवळा त्या चौकोनाला निळसर करून दाखवतो. म्हणून पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला चहूबाजूंनी कोरी पांढरी कड.

ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं १९३१ साली एका वॉलपेपर कंपनीसाठी ४३ छटा निवडल्या. त्यांचे तक्ते बनवले आणि सोबत खिडक्या कापलेले पुठ्ठे दिले. पुठ्ठा तक्त्यावर ठेवला की बाकीचे रंग झाकले जात आणि दोन-तीन तेवढे एकत्र दिसत. हजारो छटांच्या आजच्या शेड कार्डापुढे बसून डोळे शिणतात तेव्हा हा पुठ्ठा मला फार शहाणपणाचा वाटतो.

[दृश्य: दुपारचे चार. पश्चिमेचं ऊन भिंतीवर.]

ऊन आत आलं. तिसरा पुठ्ठा पेटल्यासारखा झाला, जवळजवळ अबोली. आधी उदास वाटणारा निळसर राखाडी आता शांत आहे. रंग किती उजेड परत पाठवतो त्याचाही आकडा असतो, एलआरव्ही. शून्य म्हणजे अगदी काळा, १०० म्हणजे शुभ्र. बऱ्याच कंपन्या तो छटेच्या माहितीत देतात. अंधाऱ्या बोळात २५चा रंग लावायचा असेल तर दिवे वाढवायची तयारी ठेवावी.

याच तिरप्या उन्हात भिंतीचे उंचवटे आणि पुट्टीचे पट्टेही दिसतात. चकचकीत फिनिश ते सगळे उघडे पाडतं. मॅट झाकून घेतं, पण साधारणपणे पुसायला चिवट नसतं.

[दृश्य: संध्याकाळ. खोलीत दिवा नाही.]

उजेड मंदावतो तसे तांबडे रंग आधी काळवंडतात, निळे-हिरवे मागे उरतात. हा डोळ्यांचा गुण आहे. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो नोंदवला. तिसऱ्या पुठ्ठ्यावरची ऊब बघता बघता विझते आहे.

[दृश्य: बटण दाबलं जातं. पिवळसर दिवा.]

रात्रीचे आठ. हा दिवा २७०० केल्विनचा, पिवळट. केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारं माप. हिरवट राखाडी एकदम मळकट झाला, तो इथेच बाद. तांबूस राखाडी खूपच तपकिरी झालाय. आणि दिवसा जो सर्वांत थंड वाटला होता, त्या पहिल्या पुठ्ठ्यातला निळा या पिवळ्यात मुरला आणि उरला तो स्वच्छ, सरळ राखाडी.

दिवा बदलून बघू. हा ६५०० केल्विनचा, पांढराफेक. तोच पुठ्ठा आता दवाखान्यातल्या भिंतीसारखा दिसतो. म्हणून रंगाच्या आधी दिवे ठरवा, असं मी कळकळीनं सांगेन. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो.

या खोलीतली माणसं दिवसभर बाहेर असतात. ती इथे बसतात ती रात्री आठनंतर, पिवळ्या दिव्याखाली. दुपारी चारचं ते सुंदर ऊन पाहायला घरात कुणीच नसतं. त्यामुळे मत रात्रीच्या पुठ्ठ्याला पडलं, पहिल्याला. सध्याच्या फॅशनच्या हिशेबानं तो मागे पडलेला रंग आहे.

[दृश्य: दुसरी सकाळ. डब्यांची झाकणं उघडली जातात.]

रंगारी तिन्ही डबे एका मोठ्या बादलीत ओततो आणि ढवळतो. मशीननं एकाच नंबरवर बनवलेल्या दोन डब्यांतही पुसटसा फरक राहू शकतो, आणि भिंतीच्या मध्यावर तो उमटला तर कायम खुपतो. ओला रंग आता फिका दिसतोय. घाबरायचं नाही, इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं. पहिला हात खिडकीच्या कडेनं खाली येतो.

स्विचबोर्डचं झाकण सोडवून ठेवलंय. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं छटेचा नंबर, फिनिश आणि आजची तारीख लिहिली जाते. झाकण पुन्हा बसतं.