जुन्या जीपचे काटे आणि अर्थिंगची एक वायर

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न काय असतो, तर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, आणि त्या आकड्यावरच लोक जनावरं हलवायची का, दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवायचा का ते ठरवतात. आणि हीच माणसं जुनी जीप घेऊन गगनबावड्याच्या घाटात उतरतात तेव्हा डॅशबोर्डवरच्या काट्यांकडं कुणी बघतही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते चालत न्हाईत ओ, अंदाजानं चालवतो."

काटा पूर्ण बंद असेल तर एकवेळ ठीक, माणूस सावध तरी राहतो. पण अर्धी टाकी दाखवणारा काटा असतो आणि टाकीत डिझेल नसतं, किंवा इंजिन हीट झाल्याचं दाखवतो आणि इंजिन गार असतं, तेव्हा माणूस त्याच्यावर विसंबून निर्णय घेतो आणि फसतो. या व्हिडिओत आपण तेच बघणार आहोत, जुन्या जीपचे काटे चुकीचं का दाखवतात आणि ते दुरुस्त कसे करायचे.

(दृश्य: उद्यमनगरातलं गॅरेज, बॉनेट उघडी असलेली हिरवी जीप)

हे शिवाजी उद्यमनगर. लेथ, फाउंड्रीचं काम, ऑइल इंजिनचे पार्ट, सगळं एका हाकेवर मिळणारा हा भाग. इथं एका शेडमध्ये ही फोर बाय फोर डिझेल जीप उभी आहे, मालक राधानगरीकडचे, ऊस आणि भाताचं रान, पावसाळ्यात चिखलातनं जायला हीच गाडी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गाडी पूर्ण उघडून नवीन केली, पत्रा काढला, गंज घासला, प्रायमर मारला, वर झकास रंग. आणि तेव्हापासनं काटे बिघडले. टेंपरेचरचा काटा कायम लाल पट्टीच्या जवळ, म्हणून रेडिएटर साफ करून घेतला, काटा तसाच, मग थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा) काढून टाकला, तरी तसाच, मग वॉटर पंप बदलला. आणि डिझेलचा काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी घाटात बंद पडली, टाकी कोरडी ठाक.

मालक म्हणाले, "मामा, नवीन मीटर टाकूया की, जुनं गेलंय बहुतेक." मिस्त्री मामांनी मीटरला हातच लावला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रात्री हेडलाईट लावल्यावर काटं खाली येत्यात का?" मालक जरा थांबले आणि म्हणाले, "व्हय, येत्यात की. आणि रेस दिली की परत वर."

इथंच निदान झालं. कारण पाणी काय हेडलाईट लावल्यावर गार होत नाही, आणि टाकीतलं डिझेल रेस दिल्यावर वाढत नाही. दोन्ही काटे एकदम बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होत असतील तर दोष इंजिनात नाही आणि टाकीतही नाही, जिथनं दोन्ही काट्यांना करंट मिळतो तिथं आहे.

जरा आतलं समजून घेऊ. जुन्या गाड्यांतले बरेच मीटर बायमेटलचे असतात. आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी, तिच्याभोवती बारीक तारेची गुंडाळी, करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते आणि तिला जोडलेला काटा सरकतो. म्हणूनच चावी फिरवल्यावर हा काटा हळूहळू वर येतो, आणि खड्ड्यातनं जाताना टाकीतलं तेल कितीही हिंदकळलं तरी तो फार नाचत नाही. ऑफरोडला हा चांगला गुण आहे. पण एक अडचण आहे, बॅटरीचं व्होल्टेज सारखं बदलतं, गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4, मग काटा नक्की कशावर विश्वास ठेवणार? म्हणून मीटरच्या आधी एक छोटी डबी बसवतात, व्होल्टेज स्टॅबिलायझर. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत ती सरासरी 10 व्होल्ट देते, जुन्या अमेरिकन सीजे मॉडेलच्या जीपमध्ये सरासरी 5 व्होल्ट. आणि सरासरी म्हणायचं कारण, जुन्या डबीच्या आतही एक बायमेटल पट्टी असते, ती तापते, कॉन्टॅक्ट सुटतो, गार होते, परत लागतो, असं सारखं चालू बंद चालू बंद.

आता मुद्दा. ती पट्टी तापायला तिच्या गुंडाळीतनं करंट जायला पाहिजे, आणि तो करंट परत जातो डबीच्या पत्र्यातनं डॅशबोर्डच्या पत्र्यात. म्हणजे डॅशबोर्डचा पत्रा हीच तिची अर्थिंगची, म्हणजे करंट परत बॅटरीच्या निगेटिव्हकडं नेणारी वायर. आणि आपण काय केलं? त्या पत्र्याला प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले. रंगातनं करंट जात नाही. डबीला अर्थ मिळाला नाही, पट्टी तापेना, कॉन्टॅक्ट सुटेना, आणि 10 व्होल्टच्या जागी पुढं सरळ 14 व्होल्ट गेले. सगळे काटे एकदम जास्त दाखवायला लागले, पाणी गरम, डिझेल भरपूर. एका बिनअर्थाच्या डबीनं रेडिएटरचा, व्हॉल्वचा आणि पंपाचा खर्च करून घेतला. रिस्टोर केलेल्या गाड्यांत हे फार होतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माणसानं गाडीवर जीव लावून काम केलेलं असतं आणि नेमकं त्याच कामातनं हा दोष येतो.

(दृश्य: मिस्त्री मल्टिमीटर लावतायत)

मामांचं काम बघा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब डबीच्या पत्र्यावर, चावी ऑन. चांगली अर्थिंग असेल तर इथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे, एक-दोन दशांश व्होल्टच्या वर गेलं तरी वाटेत अडथळा आहे असं समजा. इथं कितीतरी व्होल्ट आले. मग त्यांनी डबीचा स्क्रू काढला, खालचा रंग पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, स्टार वॉशर टाकला, आणि शिवाय एक वेगळी वायर थिंबल (टोकाला बसवायची धातूची कडी) लावून थेट बॉडीच्या मेन अर्थला नेली. माझं मत विचाराल तर ही वेगळी वायर प्रत्येक जुन्या गाडीत टाकावी, पत्र्याच्या भरवशावर राहू नये, आपल्याकडं पावसाळ्यात गंज फार लवकर चढतो आणि 2019 आणि 2021 च्या पुरात जी वाहनं पाण्यात गेली त्यांच्या जॉइंटची अवस्था तर विचारूच नका.

डबीच खराब निघाली तर इलेक्ट्रॉनिक करता येते. 5 व्होल्ट पाहिजे असेल तर 7805, 10 व्होल्ट पाहिजे असेल तर 7810, तीन पायांची साधी आयसी, इनपुटला 0.33 आणि आउटपुटला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मागं पत्र्याचा तुकडा हीटसिंक म्हणून. एक लक्षात ठेवा, या आयसीला आउटपुटपेक्षा साधारण 2 व्होल्ट जास्त इनपुट लागतं, त्यामुळं 7810 वर इंजिन बंद असताना बॅटरी 12 व्होल्टच्या खाली उतरली तर काटा किंचित कमी दाखवेल, इंजिन चालू झालं की जाग्यावर येईल. आणि हिलाही अर्थ लागतोच, तो नसेल तर परत तेच रामायण. आपल्या गाडीत 5 की 10 हे अंदाजानं ठरवू नका, कारण जुन्या जीपला इतक्या वर्षांत कुणी कुठलं मीटर बसवलंय काही सांगता येत नाही.

अर्थिंग झाल्यावर टेंपरेचरचा काटा खाली आला. पण बरोबर दाखवतोय का? मामांनी सेंसर खोलला, स्टोव्हवर पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर आणि सेंसर, वायर मीटरला जोडलेली आणि सेंसरच्या बॉडीला अर्थची वायर. पाणी तापेल तसा सेंसरचा रेझिस्टन्स कमी होत जातो आणि काटा चढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी 98 अंशाच्या आसपासच उकळतं, ते धरून डायलवर खूण करायची. आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व परत बसवायचा, तो काढून गाडी चालवायची नाही, इंजिन कायम गार राहिलं तर डिझेल नीट जळत नाही.

या काट्याबद्दल अजून एक गोष्ट, घाटात गाडी घालणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावी. होज फुटून पाणी सगळं गेलं तर सेंसर कोरड्या हवेत लटकतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर गरम दाखवणारा काटा अचानक गार झाला तर खूश होऊ नका, ताबडतोब गाडी बाजूला घ्या.

आता डिझेलचा काटा. तो अजूनही मधेच पडायचा, अर्ध्यावर आला की धपकन शून्य आणि थोड्या वेळानं परत वर. एकच काटा बिघडलेला असला की टाकीकडं जायचं. टाकीवरची वायर काढली, काटा एका टोकाला, ती वायर क्षणभर चासीला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला. म्हणजे मीटर आणि वायर चांगली, दोष टाकीतल्या युनिटात (तेलावर तरंगणाऱ्या फ्लोटवरनं पातळी मोजणारा सेंसर) किंवा टाकीच्या अर्थमध्ये. वायर टेकवून जास्त वेळ धरायची नाही, मीटरची गुंडाळी जळू शकते. आणि गाडी पेट्रोलची असेल तर हा प्रयोग टाकीजवळ अजिबात करायचा नाही, एक ठिणगी बास होते, तिथं डॅशबोर्डमागच्या कनेक्टरवर तपासायचं.

टाकीच्या पट्ट्यांखाली रबर असतं, त्यामुळं टाकीचा आणि चासीचा संपर्क पक्का नसतो, तिथंही एक वायर दिली. मग युनिट बाहेर काढलं. फ्लोट हलवून बघितला, आत तेल शिरलंय का, पितळी फ्लोटला बारीक भोक पडलं की तो बुडतो आणि काटा टाकी भरली तरी कमीच दाखवतो. इथं फ्लोट चांगला होता, पण रेझिस्टन्सची तार बरोबर मधे झिजली होती, कारण टाकी बहुतेक वेळ अर्धीच असते आणि घासणारी पत्ती वर्षानुवर्षं तिथंच फिरते. हे युनिट बदलावंच लागलं. बदलताना युनिट आणि मीटर यांची जोडी जमली पाहिजे. उदाहरणार्थ अमेरिकन सीजेचं मीटर रिकाम्या टाकीला 73 ओहम आणि भरलेल्या टाकीला 10 ओहम धरतं, त्याला दुसऱ्या आकड्यांचं युनिट लावलं तर सगळं नवीन असूनही चुकीचंच दाखवणार. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतनं घ्या नाहीतर पुण्याहून मागवा, दुकानातच मल्टिमीटरनं दोन्ही टोकं मोजून घ्या.

स्पीडचा काटा थरथरतो ते वेगळं प्रकरण, त्यात करंटच नसतो. केबल फिरते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतो आणि तो ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो. केबल कोरडी पडली किंवा कुठं आवळून वाकली की काटा नाचतो. आतली तार काढून पुसून ग्रॅफाइट ग्रीस लावायचं, पण मीटरकडची वरची चार बोटं कोरडी ठेवायची, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं. आणि मोठे टायर टाकले असतील तर हिशोब करा, व्यास 10 टक्क्यांनी वाढला तर काटा 60 दाखवताना गाडी 66 नं पळत असते.

(दृश्य: पंपावर, रिकामी टाकी)

शेवटचं काम पंपावर. टाकी रिकामी करून 5-5 लिटर डिझेल टाकत गेले, प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, काचेवर पांढऱ्या टेपची बारीक खूण. मालक स्वतः खुणा करत होते. वरच्या खुणा जवळजवळ आल्या आणि खालच्या लांब लांब, टाकीचा आकारच तसा, त्यामुळं "अर्धा काटा" म्हणजे नक्की किती लिटर ते आता त्यांना डोळे झाकून सांगता येईल. ऑइल प्रेशरचा काटा तेवढा राहिलाय. मामांनी तिथं तात्पुरतं तांब्याच्या नळीचं मेकॅनिकल गेज जोडून खरं प्रेशर मोजून घेतलंय, ते चांगलं आहे, फक्त इलेक्ट्रिक सेंसर बाद झालाय, नवीन आला की बसेल, तोवर ती नळी एक्झॉस्टपासनं लांब बांधून ठेवलीय.