धर्मांचा अभ्यास: आधी प्रश्न नीट विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठात जगातल्या धर्मांचा अभ्यास करताना पहिल्याच प्रकल्पात हमखास एक गोष्ट बिघडते. आपल्या धर्माबद्दल लिहायला ग्रंथातली वचनं घेतली जातात आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहायला शेजाऱ्यांचं वागणं. अशी तुलना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. ग्रंथाशी ग्रंथ ताडावा, आचाराशी आचार.

आचार पाहायला बेळगाव, चिकोडी, निपाणीचा पट्टा फार संपन्न आहे. पण प्रश्नावलीत 'तुमचा धर्म कोणता?' हे पहिलंच विचारलंत, तर जनगणनेच्या रकान्यातलं उत्तर मिळेल, नाहीतर जातीचं नाव. त्याऐवजी विचारा: लग्न कोण लावतं? मयताला अग्नी देता की माती? लिंगायत घरात बाळाला लिंग बांधतात, मयताला बसवून माती देतात, विधीला जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, येतात. शेजारच्या मराठा घरी भटजी आणि दहन. चिंचलीच्या मायाक्का देवीच्या माघी जत्रेत मात्र दोन्हीकडची माणसं भेटतील. उत्तर कन्नडमध्ये आलं तर कन्नडमध्येच टिपा, भाषांतर घरी गेल्यावर.

सरकारी कॉलेजात धर्म शिकवता येतो का, अशी शंका नेहमी येते. घटनेच्या २८व्या कलमाने सरकारी खर्चाच्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. धर्मांच्या अभ्यासाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हा फरक मान्य केला.

आजच्या समाजात धर्म कुठे अडतो, हे समजून घ्यायला सल्लेखनेइतका, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून देह ठेवण्याच्या जैन व्रताइतका, चांगला विषय आपल्या भागात दुसरा नाही. भोजचे जैन मुनी आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन देह ठेवला. २०१५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने हे व्रत आत्महत्येच्या कलमात बसवलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विद्यार्थ्याने 'रत्नकरंड श्रावकाचार' हा जैन ग्रंथ उघडावा. तिथे अटी आहेत: उपसर्ग म्हणजे ओढवलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग, आणि तेही ज्यावर उपाय उरलेला नाही असं. मग निकालपत्र वाचावं आणि न्यायालयाने यातल्या कुठल्या अटी विचारात घेतल्या, ते शोधावं. तिसरा टप्पा ज्या घरात हे व्रत घेतलं गेलं, तिथल्या माणसांचा. हाच सर्वांत अवघड. दुःख ताजं असताना जाऊ नका, रेकॉर्डर विचारल्याशिवाय काढू नका, आणि 'मरू कसं दिलंत?' असा प्रश्न तर मुळीच नको. शेवटच्या दिवसांत अन्न कुठल्या क्रमाने सोडलं, पाणी कधी, जवळ कोण बसायचं, एवढंच विचारा.