सणाचं मांस, सुरी आणि डावा हात

नमस्कार, श्रोतेहो.

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. सणाच्या दुपारी आमच्याकडे एक ठरलेला पाहुणा येतो. डाव्या हाताला स्वयंपाकघरातला फडका गुंडाळलेला, आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा ओशाळलेपण जास्त. त्याच्या आधी सोबतची व्यक्तीच बोलते, "जेवायला माणसं बसलीत, आणि यांनी हे करून ठेवलं."

असेच एक गृहस्थ आले होते. फडका सोडला. तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, जेमतेम एक सेंटिमीटरची चीर. रक्त थांबलेलं. "पट्टी लावून द्या डॉक्टर, जेवण गार होतंय." मी त्यांच्या बोटाचं मधलं पेर धरून ठेवलं आणि म्हटलं, आता फक्त टोक वाकवा. ते बोटाच्या टोकाकडे बघत राहिले. टोक काही हललं नाही.

आत्ता ऐकता ऐकता एक करून बघा. एका हाताची बोटं मिटा-उघडा आणि दुसऱ्या हाताने त्याच हाताचा कोपराखालचा भाग चाचपा. तिथे काहीतरी सरकतंय ना? बोट वाकवणारे मोठे स्नायू तिथे आहेत. बोटापर्यंत येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन. तर्जनीपासून करंगळीपर्यंत प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, एक मधल्या सांध्यासाठी आणि दुसरी टोकासाठी. बोटाच्या मुळाशी त्या कातडीपासून फार खोल नसतात. सुरीचं टोक तिथे जरासं घुसलं तरी पुरतं. कापलेली दोरी मग पायजम्याची नाडी आत जावी तशी तळव्याकडे ओढली जाते. जखमेत डोकावून ती दिसायची नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, जखम केवढी आहे ते नंतर बघा. बोट काय करतंय ते आधी बघा.

हे बघायचं कसं? टोक वाकतंय का, मधला सांधा वाकतोय का, बोट सरळ होतंय का. मग डोळे मिटून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श करून घ्या आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून बघा. बोटाच्या दोन्ही बाजूंनी संवेदनेची एकेक नस जाते, त्यामुळे एकच कड बधिर लागली तरी त्या बाजूची नस कापली गेली असण्याची शक्यता असते. शेवटी नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. यातलं काहीही बिनसलं, तर रक्त थांबलेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एक फसवा प्रकारही आहे. बोट हलतं, पण जोर लावला की कळ येते. दोरी अर्धवट कापली गेली की असं होऊ शकतं, आणि मग आठवड्याभराने पिशवी उचलताना ती पूर्ण तुटते.

आता मुळात हे घडतं कसं? बहुतेक लोक उजव्या हाताने कापतात आणि डाव्याने मांस धरतात, तेही सुरीच्या वाटेतच. मांस नुकतंच शिजलेलं, गरम, तेलकट. ते निसटतं, आणि त्याच्यामागे सुरीही. मोठा तुकडा शिजल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. रस आत मुरतो आणि धरायलाही सोपं जातं. पाटाखाली ओला फडका घाला, म्हणजे पाट सरकणार नाही. मांस लांब दांड्याच्या काट्याने धरा. हातानेच धरायचं असेल तर बोटांची टोकं आत वळवा आणि सुरी बोटांपासून दूर चालवा. मधूनच थांबून सुरीची मूठ साबणाने धुऊन कोरडी करा. हे कुणीच करत नाही, आणि चरबीने माखलेल्या मुठीवरून हात पात्यावर घसरलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत.

बोथट सुरी सुरक्षित असते, हा गैरसमज किती घरांत असतो! बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली की ती कुठे थांबेल ते आपल्या हातात राहत नाही. धार लावून घ्या. हाड लागलं की त्याच्याशी मारामारी करू नका. सांधा हलवून त्याची फट शोधा आणि तिथून कापा. गोठलेले तुकडे सुरीच्या टोकाने उचकटून वेगळे करणं तर पूर्ण बंद करा. टोक तळहातात शिरण्याचा तो हमखास मार्ग आहे. न कापले जाणारे हातमोजे मिळतात, ते पात्याच्या घासण्याला दाद देत नाहीत, पण टोचणाऱ्या टोकापुढे त्यांचा फारसा भरवसा नाही. आणि सुरी हातातून सुटली तर पडू द्या. झेलायला जाऊ नका.

तरीही कापलंच तर? आधी अंगठी काढा, कारण सूज आल्यावर ती निघत नाही. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात छातीच्या वर उचला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तसेच बसा. मधे उघडून बघायचं नाही. दर मिनिटाला फडका उचलून "थांबलं का" म्हणून पाहणारे लोक तयार होणारी गुठळी स्वतःच मोडतात. बोटाला दोरा किंवा रबर आवळू नका. रक्त थांबल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याने जखम धुवा, आजूबाजूला साबण लावा. कसलीही पूड आत भरू नका, टाके घालताना ती आम्हालाच कोरून काढावी लागते. दहा मिनिटं नीट दाबूनही रक्त वाहत असेल, तर पुन्हा दाबा आणि तसेच निघा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांची मुदत असते.

कच्च्या मांसाची सुरी लागली किंवा हाडाची कपच टोचली, तर पुढचे दोन-तीन दिवस बोटावर लक्ष ठेवा. बोट सगळ्या बाजूंनी सुजलं, अर्धवट वाकलेलंच राहिलं, आणि कुणी सरळ करायला गेलं की जीव जातो, असं झालं तर दोरीच्या आवरणात पू झालेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका.

क्वचित बोटाचा तुकडाच सुटतो. तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून निकामी होतो. जपानमध्ये 1965 साली पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडला गेला, तेव्हापासून अशी बोटं वाचतात. सगळीच नाही, पण तुकडा सोबत आणलात तरच काही करता येतं.

त्या गृहस्थांची दोरी आम्ही तळव्यातून शोधून आणली आणि शिवली. सहा आठवडे हाताला आधारपट्टी, रोजचे ठरलेले व्यायाम, आणि बारा आठवडे जड काही उचलायचं नाही. पुढच्या सणाला मांस कापायचं काम त्यांच्या मुलीकडे गेलं. हे शेजारी खुर्ची टाकून बसले होते म्हणे, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "पाटाखाली फडका घातलास ना गं?"