खारट घाम, चिकट कफ आणि कूलरमधली बुरशी

[स्वयंपाकघराचा ओटा. समोर नेब्युलायझरचा धुतलेला कप. शेजारी बंद प्लास्टिकच्या पिशवीत कूलरचं जुनं गवत.]

नमस्कार. ही पिशवी मी उघडणार नाही, बाहेरूनच बघा. आमच्या हॉलमधल्या कूलरचं हे गेल्या उन्हाळ्यातलं गवत. कडेला काळपट हिरवे डाग दिसतायत ना? ती बुरशी. तिचे कण तुमच्या-माझ्या छातीत रोज जातात आणि रोज बाहेरही पडतात. माझ्या मुलाच्या छातीत गेले की तिथंच मुक्काम ठोकतात.

तो आता अकरा वर्षांचा आहे. त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे, घरी आम्ही नुसतं सीएफ म्हणतो. सोलापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे दमा का?" दमा नाही. टीबी नाही. कुणाकडून लागलेला नाही, जन्मतःच आलेला आहे.

आपल्या पेशींना मीठ आत-बाहेर करणारं एक दार असतं, सीएफटीआर नावाचं. ते दार घडवणारं जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं, ते १९८९ मध्ये सापडलं. आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आलं तर माणूस ठणठणीत, आयुष्यभर पत्ता लागत नाही. आम्ही दोघंही तसेच. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत, आमचंही लग्न नात्यातलंच. एकाच घराण्यातलं तेच जनुक दोन्हीकडून यायची शक्यता अशा लग्नात वाढते. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये. पुढच्या प्रत्येक बाळाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते आणि त्यासाठी आधी तपासणी करता येते, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला वेळेत कळावं.

दार बंद असलं की दोन गोष्टी होतात. घामातलं मीठ अंगात परत ओढलं जात नाही. आणि छातीतला कफ पाणी न मिळाल्यानं गोंदासारखा चिकट होतो.

पहिली गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आली. बाळाचा मुका घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, ह्याचं कपाळ खारट लागतंय गं." उन्हात झोपवला की कपाळावर पांढरी पूड दिसायची. आम्ही हसलो तेव्हा. पण घामाच्या ज्या तपासणीनं हा आजार पकडतात, ती नेमकं हेच मोजते: घामातलं क्लोराइड. लिटरमागे साठ मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं की सीएफ. आणि हे ध्यानात कसं आलं, तर १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली होती. त्या उकाड्यात सीएफची मुलं अंगातलं मीठ गेल्यानं कोसळत होती. तिथल्या एका डॉक्टरांनी त्या मुलांचा घाम तपासला आणि त्यात भरमसाट मीठ सापडलं.

सोलापूरकर आई म्हणून मला ही हकिकत फार जवळची वाटते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. मूल मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, खाणं बंद केलं, तर नुसतं "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस लावत बसू नका. अशा मुलांच्या रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम धोक्याच्या पातळीला उतरलेलं असू शकतं, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. आमच्याकडं उन्हाळ्यात त्याच्या ताटात मीठ मुद्दाम जास्त असतं, ओआरएसची बाटली शाळेत सोबत जाते. शेंगाचटणी मात्र बारा महिने. तेल, मीठ, शेंगदाणे, त्याला तिन्ही हवंय. फक्त जेवणासोबत स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल घेतल्याशिवाय ते तेल पचत नाही.

आता माझी अडचण बघा. मीठ वाचवायचं तर घर गार पाहिजे. एसी परवडत नाही, म्हणून कूलर. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून कूलरच्या टाकीत तेच पाणी चार-चार दिवस. ओलं गवत, उबदार हवा, साचलेलं पाणी. बुरशीला आणखी काय हवं?

या बुरशीचं नाव ॲस्परजिलस. तिचे बीजकण दोन-तीन मायक्रॉनचे, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. हवेत सगळीकडं असतात, त्यामुळे त्यांना पूर्ण टाळणं कुणाच्याच हातात नाही. निरोगी छातीत श्वासनलिकेवरची बारीक लव त्यांना कफासकट वर ढकलते. सीएफच्या घट्ट कफात ती लव हलतच नाही. बीजकण तिथं रुजतो. काही मुलांचं शरीर मग त्याच्याविरुद्ध इतकं खवळतं की बुरशीपेक्षा त्या ॲलर्जीच्या सुजेनंच श्वासनलिका खराब होतात. याला एबीपीए म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचं फुप्फुस वेळेत ओळखलं नाही तर कायमचं बिघडतं.

माझ्या मुलाला नवव्या वर्षी झालं. खोकला वाढला, शिट्टीसारखा आवाज यायला लागला, फुंकणीची तपासणी घसरली. नेहमीप्रमाणे अँटिबायोटिक दिलं. एरवी आठवडाभरात उतार पडतो, यावेळी काहीच नाही. एका ठिकाणी एक्स-रे बघून टीबीची औषधं सुरू करू या म्हणाले. मी त्यांना शत्रू मानत नाही, आपल्याकडं टीबी आहेच आणि त्यासाठी थुंकी तपासायलाच हवी. पण थुंकीत टीबी निघाला नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी फिजिओथेरपीच्या वेळी तो तपकिरी रंगाचे, रबरासारखे घट्ट तुकडे बाहेर काढत होता. पूर्वी कधीच असे नव्हते. मी ते डबीत घालून पुण्याला त्याच्या छातीच्या डॉक्टरांकडं नेले.

रक्तात एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन, तपासलं, ॲस्परजिलसविरुद्धचं खास आयजीई तपासलं. दोन्ही खूप वाढलेले. म्हणून सांगते, सीएफच्या मुलाचं आयजीई वर्षातून एकदा तपासून कागद जपून ठेवा. पुढं वाढलं तर कशाच्या तुलनेत वाढलं ते कळायला हवं ना? आणि अँटिबायोटिकनं फरक पडेना, तर तुम्हीच तोंड उघडून विचारा: "डॉक्टर, बुरशी असू शकेल का?"

उपचारात स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करत बंद करायच्या, मनानं एकदम तोडायच्या नाहीत. बरोबर बहुतेकदा इट्राकोनॅझोल, बुरशी मारणारं औषध. या औषधाचे नखरे नीट समजून घ्या, कारण इथं आम्ही चुकलो. कॅप्सूल असेल तर भरल्या पोटी, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. पातळ औषध असेल तर उलट, रिकाम्या पोटी. माझा मुलगा ॲसिडिटीची गोळीही घेत होता, सीएफच्या बऱ्याच मुलांना ती असते. त्या गोळीनं कॅप्सूल अंगी लागत नव्हती. दोन महिने औषध पोटात जात होतं आणि रक्तात पुरेसं पोहोचत नव्हतं. रक्तातली पातळी मोजली तेव्हा उलगडा झाला. तसंच बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा तोंडानं ओढायचा पंप चालू असेल तर इट्राकोनॅझोलमुळे त्यातलं स्टेरॉइड अंगात साठत जातं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनॅझोलच निष्प्रभ होतं. म्हणून प्रत्येक डॉक्टरसमोर सगळ्या औषधांची यादी ठेवा, पंप आणि ॲसिडिटीची गोळी धरून. कधी त्याऐवजी व्होरिकोनॅझोल हे बुरशीचंच दुसरं औषध देतात. त्यानं कातडी उन्हात भाजते, आपल्या उन्हात तर दुपारी बाहेर नकोच.

सीएफटीआरचं दारच दुरुस्त करणाऱ्या तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांना अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. किंमत आपल्या आवाक्याबाहेर आहे आणि त्या ठराविक जनुकीय बदलांवरच चालतात. म्हणून मुलाची जनुकीय तपासणी करून ठेवली असेल तर उद्या त्या गोळ्या आवाक्यात आल्या तेव्हा आपला नंबर लागतो का ते कळेल. इट्राकोनॅझोल चालू असताना त्या गोळ्यांचा डोसही बदलावा लागतो, हेही लिहून ठेवा.

[नेब्युलायझरचा कप हातात घेते.]

घरात काय बदललं? कूलरचं गवत दर उन्हाळ्यात नवं. टाकी रोज रिकामी, ते पाणी झाडांना. रात्री कूलर बंद करायच्या आधी त्यातला पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा, गवत वाळेपर्यंत. तेवढा वेळ मुलगा दुसऱ्या खोलीत. कूलरमुळेच त्याला एबीपीए झालं असं कुणी सिद्ध करून दिलेलं नाही, तरी मी हे सोडणार नाही.

हा कप प्रत्येक वाफेनंतर साबणाच्या पाण्यानं धुवायचा, कंपनीनं चालेल म्हटलं असेल तर पाच मिनिटं उकळायचा, आणि पूर्ण सुकू द्यायचा. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा नाही. स्टेरॉइडचा पंप घेतला की चूळ भरायची, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. तीही बुरशीच, कँडिडा.

सगळ्यांत अवघड गेलं ते गाव. माझं माहेर मंगळवेढ्याकडं, माळदांडी ज्वारीचा मुलूख. ज्वारीची मळणी, भिजलेल्या कडब्याची गंजी, शेणखताचा उकिरडा, या तिन्हीतून बुरशीचे लोटच्या लोट उठतात. मळणीच्या दिवसांत तो आता जात नाही. पहिल्या वर्षी रडला. माझे वडील तेव्हापासून हुरडा भाजून, पाखडून, डब्यात घालून एसटीनं घेऊन येतात आणि नातवासमोर बसून खाऊ घालतात.

एक शेवटचं. सीएफच्या दोन मुलांना कधी एकत्र बसवायचं नाही, कारण एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला महागात पडतात. म्हणजे आपल्या मुलांचं संमेलन कधीच होणार नाही. पण आयांचं होऊ शकतं. खाली फक्त तुमचा तालुका लिहा, मुलाचं नाव नको. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, कुठूनही. मी एकेकीला उत्तर देणार आहे.