पाथ वाचणारे अनेक असतात

‘माझ्या मशीनवर साइट व्यवस्थित चालते, सर्व्हरवर मात्र चित्रे दिसत नाहीत’ ही तक्रार तुमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली असेल, आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याचे मशीन विंडोजचे असते, सर्व्हर लिनक्सचा असतो, आणि चूक त्याच्याच मशीनवर झालेली असली तरी तिथे तिला कोणी हटकलेले नसते. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी चालवणाऱ्या सर्व्हरांवरील पाथच्या, म्हणजे फाईलपर्यंत नेणाऱ्या वाटेच्या, तक्रारी सोडवताना मी एवढेच धरून चालतो की चूक सैल यंत्रणेवर होते आणि कडक यंत्रणेवर उघडी पडते. त्यामुळे एरर जिथे दिसली तिथेच खणत बसण्यात वेळ फुकट जातो.

पाथ म्हणजे अखेरीस अक्षरांची एक माळ आहे, पण ती वाचणारे अनेक आहेत. ब्राउझर ती पत्ता म्हणून वाचतो, वेब सर्व्हर त्या पत्त्याची सांगड डिस्कवरच्या फोल्डरशी घालतो, आपला प्रोग्रॅम तिला आणखी तुकडे जोडतो आणि शेवटी डिस्कवरच्या फायली सांभाळणारी फाईल सिस्टीम तिची तुलना प्रत्यक्ष नावांशी करते. या प्रत्येकाचे व्याकरण थोडे थोडे वेगळे आहे.

सर्वांत जुना घोळ स्लॅशचा, म्हणजे पाथमधली नावे एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या तिरप्या रेघेचा. १९८१ साली आलेल्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या पूर्वजात, फोल्डर नव्हतेच, आणि साधा स्लॅश (/) आज्ञांचे पर्याय देण्यासाठी वापरला जात होता. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह आधीच अडलेले होते, म्हणून बॅकस्लॅशची (\) वर्णी लागली. मात्र विंडोजच्या बहुतेक अंतर्गत फंक्शनांना दोन्ही स्लॅश चालतात, आणि विंडोजवरच्या अपाचे या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येसुद्धा साधाच स्लॅश लिहायचा असतो. त्यामुळे विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहितानाही बॅकस्लॅश हाताने टाइप करण्याचे फारसे कारण उरत नाही. शिवाय त्यात आणखी एक खोडी आहे. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये बॅकस्लॅशनंतर स्मॉल ‘एन’ आला की त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो आणि ‘टी’ आला की टॅब. लॉगमध्ये एखादा पाथ मध्येच तुटून दुसऱ्या ओळीवर गेलेला दिसला, तर ‘एन’ने सुरू होणारे फोल्डर कुठे आहे ते आधी पाहा.

लिनक्सला तर बॅकस्लॅश हे विभाजक आहे हेच मान्य नाही. त्याच्या लेखी ते फाईलच्या नावातले एक साधे अक्षर आहे. एकदा विंडोजवर तयार झालेली एक झिप आम्ही छोट्या स्क्रिप्टने लिनक्स सर्व्हरवर उलगडली. एकही एरर आली नाही, पण चित्रांचे फोल्डर कुठेच नव्हते. यादी काढून पाहिली, तर मुळाच्या फोल्डरमध्येच ‘इमेजेस\लोगो’ अशा सलग नावाच्या शेकडो फायली ओळीने पडलेल्या होत्या. झिपच्या नियमांप्रमाणे आत साधा स्लॅशच हवा, परंतु मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६.१ पूर्वीच्या आवृत्त्या तिथे बॅकस्लॅश लिहीत असत. विंडोजवर उलगडताना तो कोणालाही खुपला नव्हता.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा प्रश्न देवनागरीत लिहिणाऱ्याला थोडा परकाच वाटतो, कारण आपल्या लिपीत हा भेदच नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाईल सिस्टीम जसे नाव दिले तसे जपून ठेवते, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये शोधताना लहानमोठे पाहत नाही. लिनक्सवर सहसा बाइटला बाइट जुळावी लागते. दुरुस्ती सोपी वाटते, पण तिथेही गिट, म्हणजे फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, आडवे येते. विंडोजवर केवळ एका अक्षराचे कॅपिटल बदलून फाईलचे नाव सुधारले, तर गिटला तो बदल वाटतच नाही आणि सर्व्हरवर जुनेच नाव जात राहते. नाव गिटच्याच ‘एमव्ही’ आज्ञेने बदलावे लागते. हा सैलपणा गिटलाही भोवलेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्यात एक गंभीर सुरक्षा-दोष सापडला, आणि त्याचे मूळ गिटच्या स्वतःच्या लपलेल्या फोल्डरचे नाव कॅपिटल अक्षर वापरून लिहिण्यात होते. कॅपिटल-स्मॉल न पाहणाऱ्या सिस्टीमवर ते दोन्ही एकच ठरत होते.

मराठी नावांच्या फायलींचा अनुभव मला यापेक्षाही बोधक वाटतो. ‘दऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सलग अक्षर म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत पहिल्याला ३ बाइट लागतात आणि दुसऱ्याला ६. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टीम अशी अक्षरे साठवताना आपणहून सुटी करत असे. तिथून फाईल लिनक्सवर आली की डेटाबेसमधले नाव आणि डिस्कवरचे नाव डोळ्यांना एकच, परंतु सर्व्हरला वेगळे, आणि उत्तर ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’. इथे नुसत्या डोळ्यांनी तासन् तास पाहूनही काही कळत नाही. नाव हेक्सडम्पमधून, म्हणजे त्याचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनातून, काढले की मिनिटात उलगडा होतो. लांबीचेही तसेच. एनटीएफएसवर नावाला २५५ अक्षरांची मुभा आहे, लिनक्सवर २५५ बाइटची, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने तिथे ८५ चिन्हांतच, काना-मात्रा धरून, नाव संपते.

उलट दिशेला, म्हणजे लिनक्सवरून विंडोजवर जाताना, नावात कोलन चालत नाही आणि ‘कॉन’ (con) किंवा ‘ऑक्स’ (aux) या राखीव नावांच्या फायली सहसा बनतच नाहीत. तसेच आपण लॉगिन करून जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह वेब सर्व्हरच्या सेवेला दिसत नाही, कारण ती वेगळ्या खात्याने चालते. तिथे नेटवर्कचा पूर्ण पाथच द्यावा लागतो.

तपासाला बसल्यावर प्रोग्रॅममध्ये काय लिहिले आहे ते आधी वाचू नये. ऑपरेटिंग सिस्टीमकडे प्रत्यक्षात कोणती माळ पोचली ते पाहावे. लिनक्सवर एसट्रेस आणि विंडोजवर प्रोसेस मॉनिटर ते दाखवतात. मग मुळापासून एकेक फोल्डर उतरत जावे. ४०४ ऐवजी ४०३, म्हणजे ‘मनाई आहे’ असे उत्तर, येत असेल, तर नाव बहुधा बरोबर असते आणि वाटेतल्या एखाद्या फोल्डरवर आत शिरण्याची परवानगी नसते. लिनक्सवरील ‘नेमआय’ ही आज्ञा ‘-l’ हा पर्याय दिला की असा प्रत्येक टप्पा परवानग्यांसह ओळीने मांडते.

फायलींची नावे सुधारली तरी एक काम उरते. साइट वर्षानुवर्षे विंडोजवर चालली असेल, तर लोकांनी तिच्या लिंका वाटेल तशा कॅपिटल-स्मॉलमध्ये लिहून ठेवलेल्या असतात आणि त्या आपण दुरुस्त करू शकत नाही. लिनक्सवर आल्यावर अपाचेचे एक मॉड्यूल तिथे कामी येते, जे जवळचे नाव शोधून ब्राउझरला तिकडे वळवते. त्याला केवळ कॅपिटल-स्मॉलच्या फरकापुरते मर्यादित ठेवता येते, आणि तसेच ठेवावे. नाहीतर ते स्पेलिंगच्या इतर चुकाही जुळवत बसते. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावात ‘स्पेलिंग’ या शब्दातला एक ‘एल’ मुद्दाम गाळलेला आहे, त्यामुळे कॉन्फिगरेशनमध्ये ते शुद्ध लिहिले की चालत नाही.