गोळी सुरू कधी झाली?

(राष्ट्रीय पोषण महिन्यानिमित्त आशाताई, अंगणवाडीताई आणि नवविवाहित जोडप्यांसमोर एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओपीडीत मला रोज विचारतात, 'डॉक्टर, बाळासाठी कुठली गोळी चांगली?' गोळीचं नाव सांगायला मला एक मिनिट पुरतं. पण ती सुरू कधी केली, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो कोणीच विचारत नाही. म्हणून आज मी त्यावरच बोलणार आहे.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नळी मिटते. ती नीट मिटली नाही तर पाठीवर उघडी गाठ राहते, किंवा कवटीच तयार होत नाही. आता हिशेब करा. पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. मग आणखी आठ-दहा दिवस वाट पाहायची, घरी तपासणी करायची, सासूबाईंना सांगायचं, 'तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नका' म्हणायचं, आणि तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायचं. त्या दिवशी मी फोलिक अ‍ॅसिड, म्हणजे ती नळी नीट मिटायला मदत करणारं जीवनसत्त्व, लिहून देते खरी, पण त्या नळीचं काम तोवर संपलेलं असतं. ज्या स्त्रियांना आधी असं बाळ झालं होतं त्यांना फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुन्हा तसंच होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ साली दाखवलं. त्या स्त्रियांनी गोळी गर्भ राहण्याआधीच सुरू केली होती. त्यांचा डोस मोठा होता, ४ मिलिग्रॅम. इतरांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं.

या जीवनसत्त्वाचा माग लागला तो आपल्या मुंबईत. १९२८ च्या सुमाराला लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग तिला समजून घ्यायचा होता. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळा, खारट अर्क दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं, असं तिने १९३१ साली लिहिलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला, तेव्हा त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. त्या गिरणीकामगार बायकांचं ऋण जगभरातल्या बाळांवर आहे, असं मी मनापासून मानते.

दुसरा धडा पुण्याचा. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या शेतकरी बायकांचा अभ्यास केला. या बायका सरासरी जेमतेम ४२ किलोच्या होत्या, आणि बाळं सरासरी २.७ किलोची. आईने एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं खाल्ली यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध पोटात किती वेळा गेलं, याचं बाळाच्या वाढीशी जास्त घट्ट नातं दिसलं. मग मुंबईच्या वस्त्यांत 'सारस' प्रकल्पात बायकांना पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला गेला, तोही गर्भ राहण्याआधीपासून. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक आला नाही. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. शिवाय गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. आशाताई, तुमच्या जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत नवं लग्न झालेल्या मुलीचं नाव चढलं की फोलिक अ‍ॅसिड आणि ताटातली भाजी हा विषय त्याच दिवशी काढा. मुलगी अवघडेल, सासू भुवया उंचावेल, तरीही काढा.

आता लाल गोळी. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका, ५२.२ टक्के, रक्ताने कमी निघाल्या. आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया होत्या फक्त २६ टक्के. गोळी फुकट मिळते, मग अडतं कुठे?

मी घरोघरी पाहिलंय, सांगते. पहिल्या आठवड्यात मळमळतं, शौच काळी होते, बाई घाबरते आणि पाकीट कपाटावर जातं. शौच काळी होणारच, ते लोहच आहे, हे गोळी हातात देतानाच कोणी सांगितलेलं नसतं. कोणी म्हणतं बाळ काळं होईल. कोणी म्हणतं बाळ मोठं होईल आणि अडेल, म्हणून तिचं जेवणही आवरतं घेतात. मग सातवा लागतो, ओटीभरण होतं, मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. बॅगेत साड्या जातात, सोनोग्राफीचे रिपोर्ट जातात, गोळ्या सासरीच राहतात. माहेरच्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नसतं. नेमक्या त्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोहाचा साठा भरून घेत असतं आणि इकडे आईची गोळी बंद! पुढे बाळंतविड्याबरोबर डिंकाचे, अळिवाचे लाडू हौसेने येतात. ते जरूर खाऊ दे, पण १८० गोळ्यांची आठवण त्या घरात कोणालाच नसते. ओटीभरणाच्या दिवशी दोन महिन्यांच्या गोळ्या तिच्या पिशवीत स्वतःच्या हाताने ठेवा आणि माहेरच्या ताईंना फोन करा. या एका कामासाठी मी तुमच्यापुढे हात जोडते.

घेण्याची रीत साधी आहे. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. पुढेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी जेवताना, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. प्रोटीन पावडरच्या डब्यावर महिन्याचे हजार-बाराशे घालवणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे, की जागतिक आरोग्य संघटना जादा प्रथिनांचं असं पूरक गरोदर बायकांना सुचवत नाही. त्या पैशात अंडी, शेंगदाणे, दूध आणि रोजची मेथी-पालक-राजगिरा सहज येतो.

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापायची घाई नको. एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं रक्त बाळात जातं आणि त्यातलं लोह पुढचे काही महिने उपयोगी पडतं. रक्तस्राव टाळण्यासाठी मांडीत व्हिटॅमिन के, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब, पहिल्या तासात चीक, आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध आणि गुटी नको.

आता बी-१२ हे जीवनसत्त्व. पुण्याजवळच्या सहा गावांच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. वनस्पतींत ते मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. आईत ते कमी आणि फोलेट जास्त, अशांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणाऱ्या स्थितीचं, प्रमाण अधिक आढळलं. म्हणून नुसतं फोलिक अ‍ॅसिड देऊन आपण सुटलो असं समजू नका. शाकाहारी आईचं, फक्त अंगावर पिणारं सहा-आठ महिन्यांचं बाळ हसायचं थांबतं, मान धरेनासं होतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ आणि भुरे होतात, आणि मग हात-मान थरथरायला लागते. अंगाने ते गुटगुटीत दिसतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. असं बाळ दिसलं तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. बी-१२ मिळालं की काही दिवसांत ते पुन्हा आईकडे बघून हसतं. आणि आईचीही तपासणी करून घ्या, पुढच्या बाळाची वेळ येण्याआधी.